सायकल गेली, आता वॉचमनचं काय?

पत्र थोडक्यात: पुण्याहून एका ताईंनी लिहिलं आहे. पंचेचाळिशीच्या आहेत, कोथरूडमध्ये जुन्या पाच मजली सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतात, नोकरी एरंडवण्यात. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पैशांतून २८ हजारांची गिअरची सायकल घेतली आणि ऑफिसला सायकलने जायला लागल्या. जुलैत पावसाची झड लागली म्हणून काही दिवस रिक्षाने गेल्या. "शनिवारी संध्याकाळी जिन्याखाली ठेवली, गुरुवारी सकाळी बघते तर नाही. कुलूप लावलेलं होतं." सेक्रेटरींनी कॅमेऱ्याचं दोन रात्रींचं फुटेज पाहिलं, त्यात काही दिसलं नाही. आता सेक्रेटरींनी सिक्युरिटी एजन्सीला पत्र तयार केलं आहे: रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना काढा आणि सायकलची निम्मी किंमत त्यांच्या पगारातून कापा. त्यावर ताईंची सही हवी आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर हुबेहूब तशीच सायकल नऊ हजारांना दिसली. विकणारा चिंचवडचा. मित्रांना घेऊन जाऊन "सोक्षमोक्ष लावतो" म्हणतोय. मिस्टर म्हणतात, "सायकलच तर होती. पोलिसांत कुठे जातेस? चार हजारांची साधी घे." ताई विचारतात: सही करू का? मुलाला जाऊ देऊ का? आणि पुन्हा सायकल घ्यावी की नाद सोडावा?

ताई,

तुमच्या पत्रातलं शनिवार-गुरुवारचं वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. शनिवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ म्हणजे मधे पाच रात्री आणि चार अख्खे दिवस. सायकल नेमकी कधी गेली हे तुम्हाला माहीत नाही, सेक्रेटरींना माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. मग ती रात्रीच गेली आणि म्हणून रात्रीच्या वॉचमननी लक्ष दिलं नाही, हे ठरवलं कोणी?

चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अंधारच येतो. घरफोडीला लागत असेल अंधार, सायकलीला लागत नाही. पार्किंगमधून सायकल ढकलत बाहेर जाणाऱ्या माणसाला आजवर कोणी हटकलंय? पंक्चर झाली असेल, दुकानात नेत असेल, असंच वाटतं. तुमचं कुलूप पुढच्या चाकातून आणि फ्रेममधून घातलेलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पुढून हँडल धरून उचलायचं आणि मागच्या चाकावर ढकलत न्यायचं. तेरा-चौदा किलोची वस्तू, त्यातलं निम्मं वजन जमिनीवर. कुलूप तोडायचीसुद्धा गरज नाही, ते बाहेर नेऊन सावकाश तोडता येतं. तुमच्याच पत्रात आहे की दुसऱ्या मजल्यावर रंगकाम चालू होतं आणि त्यासाठी गेट दिवसभर उघडं असायचं. मी रंगाऱ्यांकडे बोट दाखवत नाहीये, तेही तितकंच अन्यायाचं होईल. म्हणणं एवढंच की दिवसा तिथून कोणीही आत-बाहेर करू शकत होतं आणि ते फुटेज अजून कोणी पाहिलेलंच नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. त्या पत्रावर सही करू नका.

वॉचमनकाकांना मी क्लीन चिट देत नाहीये. त्यांना मी ओळखत नाही, आणि आतल्या माणसाने बाहेरच्याला सांगितलं असं घडतच नाही असंही नाही. पण संशय असेल तर तो तक्रारीत पोलिसांना सांगायचा, चौकशी ते करतील. सोसायटीने परस्पर शिक्षा ठोठावणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पगारातून कापण्याचं म्हणाल, तर ज्याच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं असं म्हणता त्याला बाजू मांडायची संधी न देता वेतनातून कपात करणं कायद्यालाही धरून नाही. आणि हलगर्जीपणा कशात? कोणती सायकल कोणाची, हे त्यांना कधी सांगितलं होतं का? कारच्या स्टिकरांची यादी सेक्रेटरींच्या फाइलला असते. सायकलींची आहे? उद्या समोरून कोणी सायकल नेताना दिसलं, तर ती मालकाचीच आहे की नाही हे त्यांनी कशावरून ठरवायचं?

मी तुमच्या जागी असते तर त्यांच्याकडे वेगळ्याच कारणासाठी गेले असते. ते साक्षीदार आहेत. चहा द्या आणि विचारा, "काका, माझी सायकल तुम्हाला शेवटची कधी दिसली होती?" आरोप नको, फक्त एवढंच. पार्किंग झाडायला येणाऱ्या मावशींनाही विचारा, कदाचित त्यांनाच आधी. झाडताना त्या रोज सायकली जरा सरकवतात, मग पुन्हा भिंतीला टेकवतात. ज्या दिवशी सरकवायला सायकल नव्हती तो दिवस त्यांच्या लक्षात असण्याची बरीच शक्यता आहे. त्या म्हणाल्या, "सोमवारी होती, मंगळवारी नव्हती," की पाच रात्री आणि चार दिवसांची गोष्ट चोवीस तासांवर आली. मग तेवढंच फुटेज, दिवसाचंसुद्धा, गेटच्या कॅमेऱ्यातून बघता येतं. कॅमेऱ्यात जिन्याखालची जागा दिसत नसली तरी सायकल बाहेर पडली ती गेटमधूनच ना?

हे आजच करा. कॅमेऱ्याच्या डब्यात साधारण पंधरा दिवस ते महिनाभराचं चित्रण राहतं आणि मग त्यावर नवं चढतं. तुमचे दहा दिवस आधीच गेलेत. सेक्रेटरींना लेखी कळवा की त्या सहा दिवसांचं फुटेज पुसू देऊ नका, पेन ड्राइव्हवर प्रत काढून ठेवा आणि मूळ डबा पोलिसांना लागेल तेव्हा दाखवा.

आता मिस्टरांचं "सायकलच तर होती". हेच वाक्य पोलीस ठाण्यातही ऐकायला मिळू शकतं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्येही. माझ्या मते सायकली इतक्या सहज जातात त्याचं मोठं कारण हे वाक्य आहे. चोराला सायकल वाहन वाटते. मालकाच्या घरात, सोसायटीत आणि सरकारदरबारी मात्र ती जिन्याखाली टेकवलेली एक अडगळ असते.

कायदा तसं मानत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि तुमच्या २८ हजारांच्या सायकलीची चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवायचाच. सायकल राहत्या इमारतीतून गेली असेल तर कलम ३०५ अधिक कडक आहे, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जिन्याखालची जागा त्यात बसते का हे ठरवायचं काम पोलिसांचं आणि कोर्टाचं. तुम्ही जागा नेमकी लिहा: अमुक इमारत, तळमजला, जिन्याखाली, कंपाउंडच्या आत.

याच कायद्यात एक बारीक कलम आहे, ते मिस्टरांना जरूर वाचून दाखवा. माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल तर ती चोरी अदखलपात्र ठरते. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतात आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे मिस्टर सुचवतात ती चार हजारांची सायकल गेली, तर तिचा तपास होण्याची आशा आणखीच कमी. "स्वस्त घ्या म्हणजे काळजी नाही" हा सल्ला आपल्याकडे सगळ्यांनाच मिळतो. त्याची ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही.

ठाण्यात जाताना बिल, सायकलचे फोटो आणि फ्रेम नंबर, म्हणजे सायकलच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर, न्या. बिल सापडत नसेल तर दुकानदाराकडे जा, त्याच्याकडे नोंद असते, बऱ्याचदा फ्रेम नंबरासकट. तिथे एका गोष्टीवर लक्ष ठेवा. अनेकदा तक्रार चोरीची न घेता "गहाळ" म्हणून घेतली जाते, कारण ते सोपं पडतं. मोबाइल रिक्षात राहिला तर तो गहाळ होतो. कुलूप लावून ठेवलेली सायकल गहाळ होत नाही. शांतपणे, पण ठामपणे चोरीचीच नोंद करायला सांगा. ऑनलाइन तक्रार पाठवलीत तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते, हे विसरू नका. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवायला नकार मिळाला तर तीच तक्रार लेखी, पोलीस उपायुक्तांच्या नावे पाठवता येते. उशीर का झाला हेही लिहा: पावसामुळे सायकल वापरली नाही, गुरुवारी लक्षात आलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

एवढं करून सायकल मिळेल का? कदाचित नाही. पण एकाच माणसाकडून डझनावारी सायकली हस्तगत केल्याच्या बातम्या पुण्यात अधूनमधून येतात, आणि मग त्या सायकली ठाण्याच्या आवारात गंजत पडतात, कारण मालकांनी तक्रारच दिलेली नसते. दिली असली तरी त्यात "निळी, गिअरची" एवढंच असतं. निळ्या गिअरच्या सायकली या शहरात कमी आहेत का? फ्रेम नंबर असेल तर तुमची सायकल तुमचीच ठरते, आणि मुद्देमाल असला तरी कोर्टाच्या आदेशाने सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करायची हमी देऊन, परत मिळते.

याच नंबराने चिंचवडच्या जाहिरातीचा प्रश्नही सुटतो. "हुबेहूब तशीच" असणं हा पुरावा नाही, एका मॉडेलच्या हजारो सायकली एकाच रंगात निघतात. नऊ हजारांना विकणारा माणूस गावी निघालेला विद्यार्थीसुद्धा असू शकतो. मुलाला जाऊ देऊ नका, मित्रांना घेऊन तर मुळीच नको. चार पोरं एका अनोळखी दारात "सोक्षमोक्ष" लावायला गेली की दोनच गोष्टी होतात. माणूस निर्दोष निघाला तर गुन्हा तुमच्या मुलावर. तो खरंच चोर निघाला तर तो एकटा असेलच असं नाही, आणि सायकल तासाभरात दुसरीकडे गेलेली असेल.

मुलाची धडपड वाया घालवू नका, तिला कामाला लावा. जाहिरातीचे, विकणाऱ्याच्या प्रोफाइलचे, सगळ्या फोटोंचे स्क्रीनशॉट काढू दे. तुमच्या सायकलवरच्या खुणा आठवून त्याला यादी करायला सांगा: कुठे ओरखडा आहे, कोणती घंटा तुम्ही बदलून घेतली, सीटचं कव्हर कोणतं. फोटोंत त्यांतलं काही दिसलं तर ते तपास अधिकाऱ्याला द्या. साधा गिऱ्हाईक होऊन चॅटवर "बिल आहे का? फ्रेम नंबरचा फोटो पाठवाल का?" एवढं विचारायला हरकत नाही. खरा मालक पाठवतो, नाहीतर बिल हरवलंय म्हणून नंबराचा फोटो तरी देतो. गप्प झाला तर तेही तपास अधिकाऱ्याला सांगा.

आणि "जाऊ दे, नऊ हजार देऊन आपलीच परत घेऊ" असं मनात आलं असेल (पत्राच्या शेवटी मला तसा वास आला) तर ते सोडा. आपलीच सायकल विकत घेतली की पुढच्या चोरीला गिऱ्हाईक तयार. तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणी चोरीची आहे हे ओळखून ती घेतली तर त्याच्यावर कलम ३१७ लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत. जुनी सायकल घेणाऱ्या सगळ्यांनाच सांगते: बिल नाही, नंबर घासलेला आहे आणि किंमत निम्म्याहूनही खाली आहे, तर स्वस्तात मिळाली म्हणून खूश होऊ नका.

आता त्या कुलपाकडे येऊ, कारण "कुलूप लावलेलं होतं" हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. लावलेलं होतं, पण सायकलला. भिंतीला, खांबाला, कशालाच नव्हतं. नुसत्या चाकात अडकवलेलं कुलूप हे सायकलवर बसून कोणी पळून जाऊ नये यासाठी असतं. मागच्या चाकाला किल्लीचं गोल कुलूप असलेल्या आपल्या काळ्या, जड सायकलींना ते पुरायचं, कारण त्या उचलून नेणं जिवावर यायचं आणि चोरून फारसं काही मिळायचंही नाही. हलक्या गिअरच्या सायकलीला ते पुरत नाही.

तुमचं होतं ते केबल लॉक, वर प्लास्टिकचं आवरण आणि आत बारीक तारांचा पीळ. हार्डवेअरच्या दुकानातल्या कटरने ते काही सेकंदांत तुटतं. नंबरचं स्वस्त कुलूप तर न तोडताही उघडतं. किंचित ताण देऊन एकेक चकती फिरवली की योग्य आकड्याला बोटांना फरक जाणवतो. केबल वापरायचीच तर ती दुसरं कुलूप म्हणून पुढचं चाक किंवा सीट बांधायला ठेवा. मुख्य कुलूप यू आकाराचं, कडक पोलादाचं घ्या, नाहीतर जाड, चौकोनी कड्यांची साखळी. सायकलच्या किमतीच्या साधारण दहा टक्के कुलपावर खर्च करावेत, असा सायकलवाल्यांचा ठोकताळा आहे. तुमच्या हिशेबाने ते अडीच-तीन हजार होतात. हे ऐकून मिस्टर डोळे मोठे करतील. त्यांना विचारा, कारच्या सेंट्रल लॉकचे पैसे वेगळे मोजले असते तर किती झाले असते.

अर्थात महागातलं कुलूपही चुकीच्या जागी लावलं की फुकट जातं. ते फ्रेममधून, मागच्या चाकातून आणि हलणार नाही अशा एका वस्तूतून, तिन्हींतून गेलं पाहिजे. मागचं चाक अशासाठी की गिअरचा संच त्यावर असतो आणि चाकांत तेच महाग. कुलपाच्या आत रिकामी जागा जितकी कमी तितकं बरं, नाहीतर त्यात पहार घालून पिरगाळता येतं. ते जमिनीला टेकू देऊ नका, टेकलं की कटरची एक दांडी जमिनीवर ठेवून दुसरीवर सगळा भार देता येतो. किल्लीचं भोक खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पावसाचं पाणीही आत जात नाही. ऑफिसजवळ लावताना ज्या खांबाला बांधताय तो हलवून बघा आणि वरही बघा. पाटी नसलेल्या आखूड खांबावरून कुलपासकट सायकल वर काढून घेता येते. पीव्हीसीचा पाइप, झाडाचं रोप, गंजलेली जाळी, काही उपयोगाचं नाही. पुढचं चाक किंवा सीट दांडी फिरवून हाताने सुटत असेल तर सायकलच्या दुकानातून तिथे पान्याचे नटबोल्ट बसवून घ्या, खर्च किरकोळ आहे.

सोसायटीत बांधायचं कशाला, हा तुमचा खरा प्रश्न आहे. बऱ्याच ठिकाणी सायकलींसाठी पुढचं चाक अडकवायच्या सळ्यांचा जो स्टँड असतो तो सेक्रेटरी सुचवतील, कारण तो तयार मिळतो. नको म्हणा. त्यात फक्त पुढचं चाक बांधता येतं, बाजूने धक्का लागला की रिम वाकते, आणि सकाळी येऊन बघावं तर कुलपासकट पुढचं चाक जागेवर, बाकी सायकल गायब. त्यापेक्षा जवळच्या फॅब्रिकेटरकडून दोन इंची पाइप उलट्या यू-सारखा वाकवून घ्या. उंची पाऊण मीटर, लांबी मीटरभर, दोन्ही पाय काँक्रीटमध्ये पुरलेले. एका पाइपला दोन्ही बाजूंनी दोन सायकली लागतात, आणि फ्रेम व चाक दोन्ही बांधता येतात. दोन पाइपांत मीटरभर अंतर ठेवलं की हँडल एकमेकांत अडकत नाहीत. जागा जिन्याखालची नको, गेटवरून आणि कॅमेऱ्यातून दिसणारी हवी. एका कारच्या जागेत सात-आठ सायकली आरामात बसतात. कारवाले कुरकुरतील, कुरकुरू देत. मेंटेनन्स तुम्हीही भरता.

हाच विषय सेक्रेटरींच्या पत्राऐवजी सभेत मांडा, आणि सोबत सायकलींची एक वही सुरू करायला सांगा: फ्लॅट नंबर, रंग, कंपनी, फ्रेम नंबर. पूर्वी आपल्याकडे सायकलला पालिकेचा बिल्ला असायचा आणि तो नसला की दंड व्हायचा, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. तो कर वसुलीसाठी होता, चोरी थांबवायला नव्हता, पण निदान सायकलीची कुठेतरी नोंद तरी असायची. जपानमध्ये सायकल घेतली की तिची नोंदणी करून स्टिकर लावून घ्यावा लागतो. नेदरलँड्समध्ये जुनी सायकल घेण्याआधी फ्रेम नंबर टाकून ती चोरीची आहे का हे बघता येतं. आपल्याकडे तसं होईल तेव्हा होईल. सोसायटीची वही पुढच्या रविवारी होऊ शकते, आणि मग वॉचमनकाकांनाही कोणाला थांबवून विचारायला आधार मिळेल.

संशयाबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. पत्रात तुम्ही लिहिलंय, "आमच्याकडे सगळे चांगल्या घरातले लोक, त्यामुळे बाहेरचाच किंवा नोकरमाणूस असणार." २०१७-१८ मध्ये पुण्यात अ‍ॅपवरच्या भाड्याच्या सायकली रस्तोरस्ती उभ्या होत्या, आठवतात? त्यांतल्या काही लोकांनी सोसायट्यांच्या आत नेऊन ठेवल्या, काहींना स्वतःची कुलपं घातली. चांगल्या घरातल्यांनीच. तेव्हा चोर कुठल्या घरातला याचा अंदाज बांधणं सोडून दिलेलं बरं.

आणि नाद सोडावा का? एवढ्याशा गोष्टीसाठी आपल्याला रडू आलं याची तुम्हाला लाज वाटली, असं लिहिलंत. लाज कशाची? सकाळचा तो अर्धा तास घरात कोणाचा नव्हता, फक्त तुमचा होता, आणि ती वस्तू तुम्ही कोणाला न विचारता स्वतःच्या पैशांनी घेतली होती. मिस्टरांना हे कदाचित सांगावं लागेल, त्यांना आपोआप कळेल अशी वाट बघत बसू नका. माझं मत विचाराल तर सायकल घ्या, आणि तुम्हाला आवडेल ती घ्या. चार हजारांची जड सायकल घेऊन कर्वे रस्त्यावर चढाला दम लागला की महिन्याभरात तीही जिन्याखाली जाईल.

फक्त घाई नको. पाऊस ओसरू द्या. नवी घेतलीत की दुकानातच उलटी करून पायडलच्या दांड्याखाली, जिथे दोन्ही बाजूंचे क्रँक बसतात त्या नळीच्या पोटाशी ठोकलेला नंबर शोधा. बोटाने चिखल-ग्रीस पुसा, फोटो काढा, बिलावर तोच नंबर लिहून घ्या. सीटची दांडी बाहेर काढून आतल्या नळीत तुमचं नाव आणि फोन नंबर लिहिलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी टाका. रंग बदलला, नंबर घासला, तरी नळीत हात कोण घालतं! चिठ्ठीचाही एक फोटो ठेवा. बाटलीच्या स्टँडखाली किंवा सीटच्या पोटात एखादा ब्लूटूथ टॅग, म्हणजे वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारी छोटी चकती, लपवता आला तर उत्तम. पण तो आसपासच्या फोनच्या भरवशावर चालतो, त्याची बॅटरी साधारण वर्षभराने बदलावी लागते, आणि नकाशावर ठिपका दिसला तरी तिकडे पोलिसांनीच जायचं, मुलाने नाही. विमा काढणार असाल तर सोसायटीच्या पार्किंगमधली चोरी त्यात बसते का आणि कुलपाची काय अट आहे, एवढं सही करण्याआधी विचारा.

सोसायटीत पाइप बसेपर्यंत सायकल घरातच ठेवा. लिफ्टमध्ये मावत नाही असं वाटतं, पण पुढचं चाक वर उचलून सायकल मागच्या चाकावर उभी केली आणि हँडल वळवलं की बहुतेक लिफ्टमध्ये तिरकी बसते. दाराशी एक जुनं पायपुसणं टाका, चिखलाच्या चाकांसाठी.